१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येची पायरीपायरीने उलटतपासणी

ही संख्या एकदा मोठ्याने वाचून बघा. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. एकूण सतरा अंक. डावीकडून वाचा की उजवीकडून, काही फरक पडत नाही. ‘चिमा काय कामाची’चीच ही अंकांमधली बहीण. आजच्या पद्धतीने म्हणायला गेलात तर ‘१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१’ असं कोटीवर कोटी चढवावे लागतात आणि जीभ अडखळते. जुन्या दशमान नावांमध्ये मात्र ती ऐटीत बसते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज आणि बरोबर मधोमध नऊ अर्बुद. वर फक्त परार्धाचं घर रिकामं राहतं.

या घराण्याला डेम्लो संख्या हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६). देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे गणिती ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर ओळखले जातात. मुंबईपासून ३० मैलांवरच्या, त्या वेळच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर त्यांना या संख्या सुचल्या, म्हणून हे नाव. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. तिथल्या आजच्या गर्दीत उभं राहून कुणाला संख्या सुचतील का, हा वेगळाच प्रश्न. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांचे प्रकार बरेच आहेत. १, १२१, १२३२१ अशी चढत जाणारी ही ओळ त्यांतली सगळ्यात देखणी, आणि आपली संख्या त्या ओळीतली नववी.

आपल्याला तिचे मूळ अवयव, सगळे विभाजक, विभाजकांची बेरीज आणि १ ला तिने भागल्यावर येणारा दशांश अपूर्णांक काढायचा आहे. हे सगळं कागद-पेन्सिलीने जमतं. अट एकच: गुणाकार-भागाकाराला हात घालण्याआधी संख्येची ठेवण नीट बघायची.

आधी हत्यारं तपासा

मी पहिल्यांदा ही संख्या स्प्रेडशीटच्या एका घरात टाकली आणि एंटर दाबलं, तर शेवटचे अंक ३०० झालेले. म्हणजे संख्येला १०० ने भाग जातो म्हणायचा! स्प्रेडशीट साधारणपणे पंधराच अंक जपते आणि पुढे शून्यं भरते. बऱ्याच संगणकीय भाषांमध्ये साध्या दशांश साठवणीत पूर्णांकांची नेमकी ओळख ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच टिकते (२ चा ५३ वा घात). आपली संख्या त्यापलीकडची असल्यामुळे तिचा शेवटचा १ गुपचूप ० होतो आणि विषमाची सम संख्या होऊन बसते. त्यामुळे एक तर पायथन या संगणकीय भाषेतले पूर्णांक वापरा, ते कितीही लांब असले तरी नेमके राहतात, नाहीतर चौकटीची वही घ्या. मी वहीच वापरतो. एका चौकटीत एक अंक लिहिला की हातचे चुकत नाहीत.

पहिली पायरी: स्वस्तातल्या कसोट्या

शेवटचा अंक १, त्यामुळे २ आणि ५ बाद.

अंकांची बेरीज करा: १ ते ८ दोनदा आणि एक ९, म्हणजे ७२ + ९ = ८१. तेव्हा ९ ने भाग जातो. इथे एका सापळ्यात पाय अडकतो. ‘बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जाणारच’ असं नसतं. ३ आणि ९ च्या पलीकडे ही कसोटी चालत नाही. १८९९ ची बेरीज २७ येते, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही. तेव्हा आपण खरोखरच भागायचं:

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ९ = १३७१७४२१०९७३९३६९

या उत्तराच्या अंकांची बेरीज ७२, म्हणजे पुन्हा ९ ने भाग जाणार:

१३७१७४२१०९७३९३६९ ÷ ९ = १५२४१५७८९९७१०४१

आता बेरीज ६४. तिनाचा प्रवास इथे संपला. संख्येत ३ नेमका चार वेळा आहे, कमी नाही की जास्त नाही.

आता ७, ११ आणि १३. यांच्यासाठी मूळ संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१. उजवीकडून आळीपाळीने वजा-अधिक करा: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. ही युक्ती चालते कारण १००१ = ७ × ११ × १३. ३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तर १, १३ ने भागलं तर १०. तिन्ही बाद.

तेच गट नुसते मिळवले तर? १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, आणि पुन्हा गट पाडून २ + ९९७ = ९९९. आता ९९९ = २७ × ३७. म्हणजे ३७ हाती लागला! ही बेरजेची कसोटी शाळेत क्वचितच शिकवतात. मोठ्या संख्यांसाठी तिच्याइतकी कामाची दुसरी कसोटी मी पाहिलेली नाही.

दुसरी पायरी: ठेवण ओळखा

सात-आठ मूळ संख्यांनी भागून झालं की बहुतेकांचा धीर सुटतो. खरं तर थांबायची वेळ हीच. एक छोटा गुणाकार उभा मांडून बघा:

११११ × ११११ =
११११
+ ११११०
+ ११११००
+ ११११०००

उजवीकडच्या घरात एकच १ येतो, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. मग वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि आकडा उतरायला लागतो: तीन, दोन, एक. बेरीज १२३४३२१. नऊ एकांनी तेच केलं तर मधल्या घरात नऊ एक जमतात आणि हातचा कुठेच येत नाही. म्हणजे

१२३४५६७८९८७६५४३२१ = १११११११११ × १११११११११

आपली सतरा अंकी संख्या पूर्ण वर्ग आहे! हातचा आला नाही म्हणूनच तिच्या अंकांची बेरीज ८१ झाली: ९ एकांची बेरीज ९, आणि तिचा वर्ग ८१.

दहाव्या एकाला हा जिना मोडतो, कारण मधल्या घरात दहा एक जमतात आणि हातचा वर सरकतो: ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो. डौल गेला, पण दुसरंच काही हाती लागलं. या वर्गाचे उजवीकडून दहा अंक तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा: १२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११. वर्ग तोडून मिळवला की मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात (४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५). म्हणजे कापरेकरांचं एक घराणं संपतं तिथेच दुसऱ्याचं दार उघडतं.

तिसरी पायरी: निम्मी संख्या फोडा

वर्ग सापडल्यामुळे सतरा अंकांऐवजी नऊच अंक फोडायचे राहिले. आणि १११११११११ स्वतः ‘१११’चे तीन ठोकळे लावून तयार झालेली आहे, त्यामुळे

१११११११११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भागा: ३३३६६७. एकूण

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आता ३३३६६७ मूळ आहे की आणखी फुटते? तिचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये आहे. सरळ मार्गाने ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, म्हणजे १०६ भागाकार. रविवारची दुपार तिथेच जाते. त्याऐवजी असा विचार करा.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागते, कारण १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. याचा अर्थ १ ÷ प हा दशांश दर नऊ घरांनी पुन्हा तोच येतो. खरं आवर्तन ९, ३ किंवा १ घराचं असू शकतं. १ घराचं असेल तर प म्हणजे ३. ती ३३३६६७ ला भागत नाही, अंकांची बेरीज २८ आहे. ३ घरांचं असेल तर प ९९९ ला भागते, म्हणजे ती ३७. पण ३३३६६७ ला ३७ ने भागलं तर १ उरतो. तेव्हा आवर्तन नेमकं नऊ घरांचंच. फर्माने १६४० मध्ये मांडलेल्या नियमानुसार १० चा (प − १) वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की प ने भाग जातो, म्हणजे प − १ हा आवर्तनाच्या पटीत, ९ च्या पटीत, असायलाच हवा. प विषम आहे, म्हणून प − १ सम. दोन्ही मिळून प − १ हा १८ च्या पटीत.

झालं, १०६ उमेदवारांमधले फक्त सतरा उरले: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. बाकी अनुक्रमे ८, १, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१ अशी येते. एकदाही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे.

भागाकार करताना १६३ ला बाकी ६ आणि ५२३ ला सात कमी पडतात, तिथे ‘जवळपास जातो की’ असा मोह होतो. जवळपास जाण्याला इथे काही किंमत नाही. अशा वेळी मी तो भागाकार दुसऱ्यांदा करतो.

पूर्ण फोड अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

सगळ्याच मोठ्या संख्या इतक्या गुणी नसतात, हेही सांगून ठेवतो. दोन मोठ्या मूळ संख्या गुणून मुद्दाम बिनचेहऱ्याची केलेली २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० साली फुटली. ते काम एकाच प्रोसेसर-कोअरवर सोपवलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती.

चौथी पायरी: विभाजक मोजा, मग मिळवा

विभाजक तयार करताना ३ किती वेळा घ्यायचा याचे ० ते ४ असे पाच पर्याय, ३७ चे तीन आणि ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. पंचेचाळीस हा विषम आकडा बघून दचकू नका. विभाजक जोडीजोडीने येतात, पण पूर्ण वर्गात मधला विभाजक एकटा पडतो, इथे १११११११११. बाकीच्या २२ जोड्या. त्यांतल्या एका जोडीत ३७ चा जोडीदार बघा: ३३३६६६९९९६६६३३३. तोही उलटासुलटा सारखाच.

बेरजेसाठी सगळे ४५ विभाजक लिहायची गरज नाही. प्रत्येक मूळ अवयवाची वेगळी बेरीज करून त्या बेरजा गुणायच्या.

३ साठी: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१.

३७ साठी: १ + ३७ + १३६९ = १४०७.

३३३६६७ साठी आधी तिचा वर्ग हवा. थेट गुणू नका. ती १००१००१ चा तिसरा हिस्सा आहे आणि १००१००१ चा वर्ग तोंडी येतो: १००२००३००२००१. (पुन्हा १, २, ३, २, १; डेम्लोच, फक्त मधे शून्यांची हवा.) त्याला ९ ने भागलं की १११३३३६६६८८९. त्यात ३३३६६७ आणि १ मिळवा: १११३३४०००५५७.

तिन्हींचा गुणाकार: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९.

इतका मोठा गुणाकार तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. १२१ मध्ये ११ आहे आणि १४०७ मध्ये ७, म्हणजे उत्तराला ७ आणि ११ दोन्हींनी भाग जायलाच हवा. तीन-तीनचे गट पाडा: ५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ = १००१. बरोबर बसलं.

या बेरजेतून मूळ संख्या वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८. म्हणजे संख्येचे स्वतःखेरीज सगळे विभाजक एकत्र केले तरी तिच्या निम्म्याच्या थोडंसंच वर जातं. ६ किंवा २८ सारख्या परिपूर्ण संख्यांमध्ये ही बेरीज संख्येइतकीच भरते. आपली संख्या त्या हिशेबात बरीच तोकडी.

तिच्याशी १ सोडून कुठलाच समान विभाजक नसलेल्या, तिच्याहून लहान अशा संख्या किती, तेही याच फोडीतून मिळतं: ५४ × १३३२ × १११३३३३३३२२२ = ८००७९८३९९१९९२०१६. (५४ म्हणजे ८१ चे दोन तृतीयांश, १३३२ म्हणजे ३७ × ३६, आणि तिसरा आकडा ३३३६६७ × ३३३६६६.) गुणाकार चार ओळींचा आहे, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

पाचवी पायरी: १ ला तिने भागा

सगळ्यांत जास्त मजा इथे आहे. सतरा अंकांनी लांब भागाकार करायची कल्पनाच नको वाटते, पण करावा लागतच नाही.

१११११११११ × ९ = ९९९९९९९९९. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की आपली संख्या × ८१ = ९९९९९९९९९ चा वर्ग. म्हणून १ ÷ (आपली संख्या) म्हणजे ८१ भागिले ९९९९९९९९९ चा वर्ग.

१ ÷ ९९९९९९९९९ सोपं आहे: नऊ-नऊ अंकांचे गट, प्रत्येक गटात ००००००००१. हा अपूर्णांक स्वतःशीच गुणला की गटांमध्ये ०, १, २, ३, ४ अशी मोजणी सुरू होते. मघाच्या उभ्या गुणाकारातला जिनाच तो, फक्त आता चढतच राहतो. त्याला ८१ ने गुणा:

०. ००००००००० ०००००००८१ ००००००१६२ ००००००२४३ ००००००३२४ ००००००४०५ …

ओळखीचं वाटतंय ना? हा ८१ चा पाढा आहे! आपल्या संख्येने १ ला भागलं की दशांशचिन्हानंतर ८१ चा पाढा, नऊ-नऊ घरं सोडून, एकही पायरी न चुकता उमटत जातो. आणि तो ‘दाहे’वर थांबत नाही.

मग थांबतो कुठे? नऊ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ९९९९९९९९९, आणि ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९ नेमकी. त्याच्या पुढचा गुणाकार, १०००००००८०, नऊ घरांत मावत नाही. तो आहे दहा अंकी (शून्यं मोजताना माझीही चूक होते, म्हणून चौकटीची वही). त्यातला १ डावीकडे हातचा जातो. ९९९९९९९९९ मध्ये १ मिळाला की तो गट सगळा शून्य होतो आणि त्याचाही हातचा मागच्या गटाला मिळतो: ९९९९९९९१८ चा ९९९९९९९१९ होतो. शून्याच्या गटापासून पाढा पुन्हा पहिल्यासारखा सुरू.

म्हणजे एका आवर्तनात १२३४५६७९ गट, प्रत्येकी नऊ अंकांचे. १२३४५६७९ × ९ = १११११११११. आवर्तन संख्येच्या वर्गमुळाइतकंच लांब भरलं! एका पानावर २००० अंक मावले तरी हे एक आवर्तन लिहायला साडेपंचावन्न हजारांवर पानं लागतील. पडताळा हवा असेल तर आवर्तनाच्या शेवटचे तीन अंक ९१९ घ्या आणि संख्येच्या शेवटच्या ३२१ ने गुणा: २९४९९९. शेवटी ९९९ यायलाच हवे होते, आले.

आता तुमच्या वहीसाठी

दोन पायऱ्या खालची डेम्लो संख्या घ्या: १२३४५६७६५४३२१. ती सलग सात एकांचा, म्हणजे ११११११‌१ चा वर्ग आहे. इथे सात हा आकडा स्वतःच मूळ असल्यामुळे ठोकळे पाडता येत नाहीत. पण तिसऱ्या पायरीचा युक्तिवाद जसाच्या तसा चालतो, फक्त १८ च्या जागी १४ येतो. उमेदवार २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. पहिले सात नापास होतात आणि आठवा पास होतो: २३९ × ४६४९. यातल्या ४६४९ साठी नवा भागाकार करायचा नाही, कारण तिचं वर्गमूळ ६८ च्या आसपास आहे आणि त्याखालचे २९ आणि ४३ आधीच बाद झालेत. विभाजक फक्त नऊ. १ ला या संख्येने भागलं तर ८१ चा पाढा आता सात-सात घरांनी येईल. आवर्तन किती अंकांचं, ते मात्र सांगत नाही. एवढीच खूण देतो की या वेळी ९ ची मदत मिळत नाही, पाढ्याला पूर्ण फेरी मारावी लागते, आणि उत्तरातला प्रत्येक अंक सातच असतो.